ड्रॉइंग मास्तर होण्याआधी

१२ जून १९३३, सोमवार

शाळा उघडली. पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी बोलावलं. हेडमास्तर म्हणजे सोमलिंग. मराठी तिसरीत माझ्याच हाताखाली होता. दिंडी म्हणताना तिसऱ्या चरणात याचा हमखास दम तुटायचा. आता बी. ए. झालाय, खुर्चीत बसतो आणि मला 'बसा मास्तर' म्हणतो. बसलो.

म्हणाला, इन्स्पेक्टरसाहेबांचा शेरा आलाय. ट्रेनिंग न झालेले मास्तर यापुढे ठेवता येणार नाहीत. कवितेचे तास यंदापासून शिवयोगींकडे. शिवयोगी! नुकता बी. ए. होऊन आलेला पोरगा. मिशीचं अजून ठरत नाहीये, यावं की नाही.

मी विचारलं, आणि मी? सोमलिंग खिडकीबाहेर बघत म्हणाला, ड्रॉइंग मास्तर पुण्याला गेले, ती जागा मोकळी आहे, तूर्त तास तुम्हीच घ्या. पण तिला ड्रॉइंग टीचरचं सर्टिफिकेट लागतं. त्याचा वर्ग मुंबईला. आणि त्या वर्गात घेण्याआधी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट अशा ड्रॉइंगच्या दोन ग्रेड पास लागतात. यंदा एलिमेंटरी तरी झालात तर मला कमिटीपुढे तोंड उघडता येईल. नाही तर दिवाळीनंतर... तिथंही दम तुटला.

मी 'ठीक' म्हणून उठलो. चित्रंच ना. काढून टाकू.

१३ जून

सगळा आराखडा तयार. यंदा एलिमेंटरी, पुढच्या वर्षी इंटरमीजिएट, मग मुंबई. साठीला सर्टिफिकेट हातात. त्यानंतर निवांत वीस वर्षं नोकरी.

आणि खरी गंमत सोमलिंगला कळलेली नाही. ड्रॉइंगच्या तासाला मुलांचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे. त्या कानांत मी श्लोक, आर्या, साक्या ओतणार. शिवयोगी बसू दे तिकडे कवितेचा तास घेत. कविता माझ्याच वर्गात राहणार.

मथुराला सांगितलं. म्हणाली, "साठीला लोक काशीला जात्यात, तुमी मुंबैला जावा. तितं ऱ्हायाचं कुटं, जेवायचं कुटं, ते बी आत्ताच चितरून ठिवा की."

हिच्याशी कलेबद्दल बोलायचं नाही. संकल्प क्रमांक एक. संकल्प क्रमांक दोन: उद्यापासून रोज पहाटे फ्रीहँड.

१४ जून

पहाटे जाग आली नाही. एका अर्थी बरंच. चित्रकाराचं भांडवल म्हणजे डोळा. त्याला विश्रांती हवी.

१८ जून, रविवार

गैबीसाबच्या ग्रेडच्या क्लासला नाव घातलं. शुक्रवार पेठेत दुकानाच्या माडीवर भरतो. गैबीसाब उर्दू शाळेत ड्रॉइंग शिकवतो, मुंबईचं सर्टिफिकेट भिंतीवर काचेत लावलंय. आल्यागेल्याला दिसेल असं. उथळपणा.

क्लासला सगळी आमच्याच शाळेची मुलं. मी आत गेलो तशी ताडकन उभी राहिली. मी म्हटलं, बसा. मुलं बसली. गैबीसाब म्हणाला, "मास्तर, आता तुमी बी बसा. उभं ऱ्हायचं काम हितं माजं हाय." मुलं हसली. कोण कोण हसलं ते ध्यानात ठेवलंय.

पहिला धडा: पट्टी न घेता सरळ रेघ. मी काढली. गैबीसाबनं कागद वर धरला आणि विचारलं, "ही रेघ हाय का अक्कलकोटचा गाडीरस्ता?" मी त्याला शांतपणे समजावलं की निसर्गात सरळ रेघ कुठंच नाही. तो म्हणाला, "निसर्गाला परीक्षा द्यायची न्हाय, मास्तर. तुमाला द्यायची हाय."

उर्मट माणूस.

२५ जून, रविवार

आज तांब्या. समोर ठेवला आणि म्हणाला, जसा दिसतो तसा काढा. मी काढला. तोंड छान गोल, पुनवेच्या चंद्रासारखं. गैबीसाब म्हणाला, तोंड असं गोल दिसत नाही, चपटं दिसतं, लांबट. मी म्हटलं, तांब्याचं तोंड गोल असतं हे तान्ह्या पोरालाही ठाऊक आहे. तो म्हणाला, "असतं ते सोडा. दिसतं ते काढा." म्हणजे डोळ्यानं आपल्याला फसवायचं आणि हातानं त्यावर सही करायची! पन्नाशी उलटेपर्यंत मी पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं ते यासाठी?

परत येताना वाटेत वसंततिलकात दोन ओळी आपोआप झाल्या:

तांब्या, तुझें वदन गोल जगीं प्रसिद्ध
त्याला करी चपट कां नर हा निषिद्ध!

पुढच्या दोन होईनात. चित्रकलेमुळे प्रतिभेवर ताण पडतोय.

५ जुलै

आमच्या आणि शेजारच्या वर्गामध्ये फळ्यांचं पार्टिशन आहे. पलीकडे शिवयोगी कविता शिकवत होता. शिकवत कसला, चिरफाड करत होता. चाल नाही, ठेका नाही. कवीला इथं काय म्हणायचं आहे, असं विचारत होता. अरे, कवीला जे म्हणायचं होतं ते त्यानं म्हटलंय, आता तुम्ही म्हणा!

जुन्या शाळेची आठवण आली. तळ्याकडून वारा यायचा. दुपारचा तास, अख्खा वर्ग एका सुरात डोलत म्हणायचा, रस्त्यानं जाणारा टांगेवाला घोडा थांबवायचा. अर्थ कुणी विचारला नाही. कुणाचं काही अडलंही नाही.

राहवेना. अलीकडून मीच खड्या आवाजात चाल लावून दाखवली. पलीकडे हशा पिकला. थोड्या वेळानं शिपाई आला. हेडमास्तर म्हणतात, आवाज जरा कमी.

सोमलिंगला गाता येत नव्हतं. त्याचा सूड हा असा उगवतोय.

२३ जुलै, रविवार

घरी सराव. खोक्यावर घागर ठेवली आणि बसलो. बुडापर्यंत येतो तोच मथुरानं घागर उचलली. नळाला पाणी आलं म्हणे. मी म्हटलं, चित्र अर्धं झालंय. ती म्हणाली, "मग अर्ध्या घागरीत सैपाक करू का? भोपळ्याचं काढा की चित्र. त्यो कुटं जाईना झालाय."

भरून आणून ठेवली ती दुसऱ्याच जागी. सगळं पुन्हा. रागानं पेन्सिल दाबली, टोक मोडलं. सरकारनं ग्रेडच्या परीक्षेला बसणाऱ्यांच्या बायकांचीही एखादी परीक्षा घ्यावी.

संकल्प: उद्यापासून सराव फक्त शाळेत, मधल्या सुट्टीत.

२४ जुलै

मधल्या सुट्टीत चहा.

६ ऑगस्ट, रविवार

क्लासमध्ये गैबीसाबनं घागर आडवी पाडली आणि म्हणाला, आता ही अशी काढा. मी साफ नकार दिला. रिकामी घागर जमिनीवर लोळत पडणं म्हणजे घरातलं पाणी आटणं. मथुरा घरात भांडं आडवं दिसलं की आधी उभं करते आणि मग कुणी पाडलं त्याचा उद्धार करते. या एका बाबतीत तिचं माझं एकमत आहे.

मी विचारलं, सरकार परीक्षेत असली अपशकुनी वस्तू कशाला मांडेल? गैबीसाब म्हणाला, "सरकार तुमच्या घरात नांदायला आलेलं न्हाय, मास्तर. ते घागर पाडील, घडवंची पाडील, उद्या तुमाला बी आडवं करून काढा म्हनंल." मुलं पोट धरून हसली.

मी जिना उतरून घरी आलो. उभी घागर मला उत्तम येते. आडवीची गरज नाही. हा भाग अभ्यासातून वगळला.

२४ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

सणासुदीला अभ्यास करू नये.

३ सप्टेंबर, रविवार

अजून सणच चालू आहे असं धरलं.

१० सप्टेंबर, रविवार

क्लास सुटल्यावर गैबीसाबनं थांबवून घेतलं. आवाज खाली आणून म्हणाला, "मास्तर, रागवू नका. यंदा ऱ्हाऊ द्या. तुमची तयारी न्हाय. दुसरं म्हंजे तुमी शेजारी बसला की पोरांचा हात थरथरतो. त्यास्नी अजून वाटतंय, तुमी मारचाल."

विचार करत घरी आलो. कारण उघड आहे. हा घाबरलाय. मी एकदा सर्टिफिकेट घेऊन आलो की याच्या क्लासला कुत्रं विचारणार नाही. मुलांचा हात थरथरतो म्हणे! थरथरलाच पाहिजे. त्याशिवाय का रेघेला जीव येतो?

२० सप्टेंबर, घटस्थापना

उद्यापासून परीक्षा. नवी पेन्सिल, नवं रबर, बोर्डाला लावायच्या पिना, सगळं पुडीत बांधून ठेवलं.

देवघरात घट बसले. मथुरानं देवीपुढं दिवा लावून बराच वेळ हात जोडले. काय मागितलंस, विचारलं. म्हणाली, "सांगायचं नसतंय." मग पाठ करूनच म्हणाली, "शाळा सुटली तर तुमी दिवसभर घरात कवितागिविता म्हणत बसनार. मला बी देवीची गरज हाय की."

रात्री झोपण्याआधी उद्याची चिंता करावी असं वाटलं होतं. चिंतेला विषय सापडला नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार

फ्रीहँडचा पेपर. उत्तम. दिलेली नक्षी मोठी करून काढायची होती. मी इतक्या मोकळ्या हातानं काढली की उजवीकडचं पान आणि वरची कळी कागदात मावली नाहीत. दोष कागदाचा. सुपरवायझर बाहेरगावचे आहेत, चष्मेवाले. माझ्या मागं थांबून बराच वेळ बघत होते. शेवटी 'हं' म्हणाले.

तो 'हं' मला ओळखीचा आहे. आपल्याला जे येत नाही ते दुसऱ्याला येताना बघितलं की निघतो.

उद्या मॉडेल ड्रॉइंग, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तूंचं चित्र.

२२ सप्टेंबर, शुक्रवार, दुपार

काय झालं ते सरळ लिहून ठेवतो. पुढं लोक काहीही सांगतील.

हॉलच्या मधोमध लाकडी खोकं मांडलं होतं. सगळे उमेदवार भोवती अर्धगोलात बसलेले. मी आत गेलो तेव्हा पाहिलं, खोक्याला टेकून घागर आडवी पडली होती. तोंड थेट माझ्याकडं. मला वाटलं, मांडताना कलंडली असेल, कुणीतरी उचलेल. बसून राहिलो. मुलं माना खाली घालून काढत होती. मला त्यांची कीव आली. बिचारी भीतीनं मान वर करून बघतही नाहीत की घागर पडलीय. बराच वेळ वाट पाहिली. सुपरवायझर दाराशी कुणाशी तरी बोलत उभे. कुणाचं लक्ष नाही.

घरोघर घट बसलेत आणि इथं भर सभेत घागर लोळतेय! इतकी वर्षं वर्गात पडलेली वस्तू मी उचलली नाही असं झालेलं नाही. उठलो. गेलो. घागर उचलली, उपरण्यानं पुसली आणि खोक्यावर मधोमध, तोंड वर करून, सरळ ठेवली. मनाला फार बरं वाटलं. जागेवर येऊन पेन्सिल हातात घेतली.

पहिल्यांदा मागून कुणीतरी "आई गं" म्हणालं. मग दुसरं. मग सगळा हॉल. सगळ्यांच्या कागदावर आडवी घागर निम्मी झालेली आणि समोर उभी. दोनतीन पोरं रडायलाच लागली. सुपरवायझर धावत आले, कुणी केलं, कुणी केलं म्हणून ओरडले. मी उभं राहून सांगितलं, साहेब, मी केलं, आभार मानायची गरज नाही.

यावर त्यांनी जी भाषा वापरली ती शिकलेल्या माणसाची नव्हती. मी म्हटलं, घट बसलेत. ते म्हणाले, "तुम्ही उठा!"

मग त्यांनी घागर पुन्हा आडवी केली. पण ती पहिल्यासारखी पडेना. एका बाजूची मुलं म्हणाली, जरा डावीकडं होती. दुसरी म्हणाली, तोंड इतकं खाली नव्हतं. सुपरवायझर गुडघ्यावर बसून घागर इकडून तिकडं लोटत होते. मला हसू आलं. ते त्यांनी बघितलं.

बाहेर व्हरांड्यात बसवलं. आतून ऐकू आलं, सगळ्यांना नवा कागद आणि वाढीव वेळ. मलाही कागद द्या म्हणून दारातून मागितला. दार लावून घेतलं.

उभी घागर मी फार छान काढली असती.

२३ सप्टेंबर, शनिवार

सकाळी दारात दोघातिघा मुलांचे बाप. एक जण तर जुना विद्यार्थी निघाला. त्याच्या पाठीवर मी छड्या मोडल्या होत्या. म्हणाला, "मास्तर, आमच्या वेळंला मारलासा ते ठीक. आता आमच्या लेकराच्या घागरीला तरी सोडायचं." मथुरानं पुढं होऊन सगळ्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? पडलेलं भांडं उचललं. मी बी उचललं असतं."

चकित झालो. बायको माझ्या बाजूनं बोलली! ते गेल्यावर मात्र माझ्याकडं वळून म्हणाली, "पर मी परीक्षंला बसले नसते."

संध्याकाळी गैबीसाब आला. त्याला आत बोलावलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "पोरं निभावली, मास्तर. दुसऱ्यांदा काढताना बऱ्याच जणांची पहिल्यापरीस बरी आली. तुमी मनाला लावून घिऊ नका."

म्हणजे श्रेय माझं. हे मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही.

३० सप्टेंबर, शनिवार

सोमलिंगनं बोलावलं. खुर्चीतून उठला आणि मला खुर्ची दिली. लक्षण चांगलं नाही हे तेव्हाच कळायला हवं होतं. म्हणाला, परीक्षेतून तुमचं नाव काढलंय. काल कमिटी बसली. दिवाळीनंतर ड्रॉइंगला गैबीसाबांना घेतायत.

मी म्हटलं, तर हा डाव जूनपासूनचा! त्यावर त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "मास्तर, कमिटी त्यांना जूनमध्येच बोलावत होती. मीच थांबवलं. म्हटलं, आमचे मास्तर ग्रेड करतायत, दिवाळीपर्यंत थांबा. इतके महिने जागा तुमच्यासाठी अडवून धरली. आता काय सांगू त्यांना?"

खोटं बोलतोय. डोळ्यांत पाणीबिणी आणून बोलतोय. लहानपणी कविता पाठ नसली की अगदी असाच उभा राहायचा.

पुढं म्हणाला, चौदा तारखेला, दिवाळीच्या सुट्टीआधी, छोटासा निरोपसमारंभ. तुम्ही चार शब्द बोला.

चार शब्द! ठीक आहे.

८ ऑक्टोबर, रविवार

योजना तयार. समारंभाला कमिटीचे सगळे मेंबर येणार. चार शब्द बोलायचेच नाहीत. शार्दूलविक्रीडितात अकरा श्लोक म्हणायचे. विषय: जुनी शाळा, तळ्याचा वारा, मुलांचा एक सूर. सात झालेत. कमिटीत दोघे तरी माझ्या हाताखालचे आहेत. ऐकल्यावर त्यांना आठवणार. जागच्या जागी ठराव फिरवणार, यात शंका नाही. शिवयोगीनं कवितेचे तास परत करताना काही तक्रार केली तर मी त्याला चाली शिकवायला तयार आहे. मन मोठं ठेवायचं.

मथुराला चार श्लोक म्हणून दाखवले. तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ग्वाड म्हणताय. पर ल्हान करा की वाईच."

कलेबद्दल बोलायचं नाही हा संकल्प मोडला तो मोडलाच.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

अकरा पूर्ण. कोटाला इस्त्री. उद्या ठराव फिरला की सोमलिंगला माफ करायचं का, यावर विचार केला. करायचं. पण लगेच नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार

मुलं अंगणात ओळीनं बसवलेली. कमिटीचे मेंबर खुर्च्यांवर. गैबीसाबही होता, मागं उभा. सोमलिंग बोलला. चांगलं बोलला म्हणायचं. मधेच अडकला, पाणी प्यायला, पुन्हा बोलला. हार, शाल, नारळ.

मी उठलो. डोळे मिटले. पहिला श्लोक संपला. मला वाटलं, जिंकलं. दुसऱ्याच्या तिसऱ्या चरणाला शाळा सुटायची घंटा झाली. शिपायाला कुणी सांगून ठेवलं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी. मुलं उठली. दप्तरं, आरडाओरडा, धूळ. मेंबर टोप्या सावरत उभे राहिले. मी खच्चून ओरडलो, खाली बसा!

कुणी बसलं नाही. एकानंही मागं वळून बघितलं नाही. हात थरथरताना दिसले ते फक्त माझे.

मग मीच बसलो.